आर्डबेग: जुनी बाटली, नवी बाटली आणि मधली रिकामी वर्षं

जुन्या सिंगल माल्टचे, म्हणजे मोड आणलेल्या जवापासून एकाच डिस्टिलरीत केलेल्या व्हिस्कीचे चाहते एकत्र बसले की स्कॉटलंडमधल्या आर्डबेग डिस्टिलरीच्या 17 वर्षं मुरलेल्या बाटलीचा विषय निघतोच. ती बंद होऊन वीसेक वर्षं झाली, तरी आजची 10 वर्षांची आर्डबेग तिच्याशी तोलली जाते आणि निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो: आता ती चव राहिली नाही. चव बदलली हे खरंच आहे. पण तिचा दोष आजच्या कारागिरांना देणं मला अन्यायाचं वाटतं. त्यासाठी आधी 1980 च्या आसपास स्कॉटलंडमध्ये काय घडलं ते पाहायला हवं.

त्या काळी माल्ट व्हिस्की मुख्यतः ब्लेंडसाठीच, म्हणजे इतर व्हिस्कींत मिसळण्यासाठीच गाळली जाई. 1970 च्या दशकात मागणी वाढतच राहील या हिशेबाने सगळ्यांनी भरमसाट माल गाळला. पुढे मंदी आली आणि गोदामं न खपलेल्या पिंपांनी भरून गेली. 1983 मध्ये डिस्टिलर्स कंपनीने पोर्ट एलन आणि ब्रोरासह अनेक डिस्टिलऱ्या एका वर्षात बंद केल्या. आयला बेटावरची, 1815 पासून चालत आलेली आर्डबेग दुसऱ्या मालकाची. ती त्याआधीच, 1981 मध्ये, थांबली होती. आर्डबेगसारख्या धुरकट व्हिस्कीचा ब्लेंडमध्ये थोडासा अंशही पुरतो, त्यामुळे मागणी घटल्यावर पहिली कुऱ्हाड अशा ठिकाणी पडणं स्वाभाविक होतं.

1989 मध्ये भट्ट्या पुन्हा पेटल्या, पण वर्षातला थोडाच काळ. 1996 मध्ये काम पुन्हा बंद. 1997 मध्ये ग्लेनमोरांजी या व्हिस्की कंपनीने सुमारे 70 लाख पौंडांना सगळं विकत घेतलं, तेव्हा गोदामात विचित्र परिस्थिती होती: 1970 च्या दशकातली चांगली मुरलेली पिंपं होती, 1981 ते 1989 मधलं जवळजवळ काहीच नव्हतं आणि त्यानंतरचंही जेमतेम. ती प्रसिद्ध 17 वर्षांची बाटली नव्या मालकांनी याच जुन्या साठ्यातून काढली. बाटलीवरचं वय हे आतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं असतं, तिच्यात याहून जुनी व्हिस्की मिसळायला कायद्याची आडकाठी नसते. तरुण साठा नसला की जुनाच वापरावा लागतो. म्हणजे आज ज्या चवीसाठी लोक हळहळतात, ती काही अंशी न खपलेल्या मालाची देणगी होती! हा साठा संपत आला तशी 2004 च्या सुमारास ती बाटली बंद झाली. ती पुन्हा भरायला लागणारी व्हिस्की 1980 च्या दशकात कोणी गाळलेलीच नव्हती.

साठ्याइतकाच महत्त्वाचा बदल धान्यात झाला. पूर्वी आर्डबेगमध्ये जवाला तिथेच, फरशीवर पसरून मोड आणत आणि पीटच्या, म्हणजे दलदलीतून खणून काढलेल्या जळणाच्या धुरात वाळवत. वाळवणीच्या भट्टीला पंखे नसल्याने धूर दाण्यांवर रेंगाळे, असं तिथले जुने जाणकार सांगत. नंतर मोड आणलेला जव पोर्ट एलनच्या माल्टिंग्ज या मोड आणण्याच्या कारखान्यातून येऊ लागला. तिथली डिस्टिलरी 1983 मध्ये बंद झाली, पण 1973 मध्ये उभा राहिलेला हा कारखाना पुढेही चालूच राहिला. जुन्या आर्डबेगमध्ये डांबर, चामडं आणि काजळीचा जो तेलकट दाटपणा लागतो, त्याचं मूळ मी पिंपांपेक्षा या धुरात शोधेन.

नव्या मालकांनी रिकाम्या वर्षांचं काय केलं, हा मला या इतिहासातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. त्यांनी 1997-98 ची व्हिस्की वाढत असतानाच टप्प्याटप्प्याने बाजारात आणली: 2003-04 मध्ये ‘व्हेरी यंग’, 2006 मध्ये ‘स्टिल यंग’, 2007 मध्ये ‘ऑलमोस्ट देअर’ आणि 2008 मध्ये दहा वर्षं पुरी झालेली ‘रेनेसाँ’. कोवळी व्हिस्की आहे हे लपवण्याऐवजी त्यांनी लेबलावर अभिमानाने छापलं. दुसरी वाट ‘ऊगडाल’ची. 2003 मध्ये आलेल्या या बाटलीवर वय नाही, पण सुरुवातीच्या भरणीत शेरीच्या पिंपांतली जुनी आर्डबेगही होती. नंतर तो जुना माल आटला, म्हणून पहिल्या भरणीच्या आणि आजच्या ऊगडालमध्ये, लेबल तेच असूनही, फरक लागतो.

तुलनेत एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. ती 17 वर्षांची बाटली 40 टक्के अल्कोहोलची होती आणि भरण्यापूर्वी व्हिस्की गार करून गाळणीतून काढलेली (चिल-फिल्टर्ड) होती. त्या प्रक्रियेत तेलकट अंश काही प्रमाणात निघून जातात. 2000 पासूनची 10 वर्षांची आर्डबेग 46 टक्क्यांची आणि चिल-फिल्टर न केलेली आहे. कारागिरीच्या दृष्टीने नवी बाटली अधिक प्रामाणिक आहे, असं मी ठामपणे म्हणेन. जुनीत जे आहे ते वयाचं आणि त्या धुराचं.

बाजाराला मात्र जुनंच हवं. 2022 मध्ये आर्डबेगचं 1975 चं एकच पिंप 1 कोटी 60 लाख पौंडांना विकलं गेलं, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी अख्ख्या डिस्टिलरीला मोजलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त. दरम्यान 2021 मध्ये आर्डबेगने नवं स्टिलहाऊस बांधून व्हिस्की गाळण्याच्या दोनाच्या चार भट्ट्या केल्या. त्यांतून निघालेली व्हिस्की दहा वर्षांची होईल 2031 मध्ये.