जुनी सात-सीटर घेताय? इंजिन गार असू द्या, मग तपासायला आणा

दिवाळी झाली की बेळगावच्या आमच्या गॅरेजात एकच विचारणा सुरू होते: "इनोव्हा बघितलीय, जरा नजर टाकून सांगा." सौंदत्तीची यात्रा, पंढरपूर, गोव्याच्या पाहुण्यांकडे जाणे-येणे आणि पुढे लग्नसराई, मोठ्या कुटुंबाला मोठी गाडी लागते ती याच दिवसांत. पण बहुतेक ग्राहक गाडी चालवत, तापल्या इंजिनाने दारात आणतात आणि अर्ध्या तासात निकाल मागतात. अशी गाडी आम्ही त्या दिवशी तपासत नाही. परत पाठवल्याचा राग येतो, फेरी वाया जाते, हे आम्हाला कळते. म्हणून कारण सविस्तर देत आहोत.

गार इंजिनाचा हट्ट का

डिझेल इंजिनाचे दुखणे तापल्यावर लपते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी झालेले, हीटर प्लग (गार इंजिन सुरू व्हायला आत ऊब देणारे) गेलेले, इंजेक्टर (डिझेल फवारणारे) गळणारे इंजिनसुद्धा एकदा गरम झाले की पहिल्या सेल्फला उचलते. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात पहाटे पारा १२-१४ अंशांपर्यंत उतरतो. ही बर्फाची थंडी नव्हे, पण रात्रभर उभ्या गाडीचे खरे रूप दाखवायला एवढा गारवा पुरतो. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असते. तुम्ही पोचायच्या आधी गाडी "जरा फिरवून" ठेवलेली असते.

गाडी किमान ८ तास बंद हवी. तुम्ही स्वतः बघायला गेलात तर आधी बॉनेटवर आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर (रबरी पाइपवर) हात ठेवा. कोमट लागले तर दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगा. आम्ही स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारे यंत्र) लावून कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान शेजारी-शेजारी बघतो. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे जवळपास सारखे असतात. कूलंट दहा-पंधरा अंशांनी वर असेल तर गाडी सकाळी सुरू झाली होती, मग कुणी काही सांगो.

सुरू करण्यापूर्वीची कामेही गार इंजिनावरच होतात. ऑइल डिपस्टिकवर बघायचे, रेडिएटरची टोपी उघडून कूलंट बघायचे. गरम इंजिनाची टोपी उघडली तर उकळते पाणी अंगावर येते, तेव्हा ती कधीच उघडू नका. कूलंट गढूळ, गंजाच्या रंगाचे किंवा वर तेलाचा तवंग असलेले दिसले तर तिथेच थांबा.

मग चावी 'ऑन'वर फिरवून डॅशबोर्डवरचा कॉइलचा, म्हणजे हीटर प्लगचा, दिवा विझू द्यायचा आणि सेल्फ मारायचा. निरोगी इंजिन दोन-तीन सेकंदांत उचलते. उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना ते साडेनऊच्या खाली गेले तर बॅटरी संपत आली किंवा सेल्फ मोटर जास्त करंट ओढतेय. इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत.

त्या वेळी एकाने सायलेन्सरच्या मागे उभे राहायचे. पातळ पांढरी वाफ दोन मिनिटांत विरली तर ती नुसते पाणी. डोळे चुरचुरतील असा, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर आणि सोबत ठकठक येत असेल तर इंजेक्टर, हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन. इंजिन गरम झाल्यावरही पांढरे थांबत नाही आणि कूलंट कमी होते, तर हेड गॅस्केट. निळसर धूर पहिल्या काही सेकंदांपुरता आला तर बहुधा व्हॉल्व सील, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत येत राहिला तर रिंग किंवा टर्बो. यातला पहिला खर्च आटोक्यातला आहे, दुसऱ्यात इंजिन उतरवावे लागू शकते. भाव ठरवताना हा फरक हाताशी असू द्या.

दोन गोष्टी फक्त पहिल्या मिनिटातच सापडतात. जुन्या डिझेल एर्टिगात सुरू होताना टायमिंग चेनची खडखड दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त चालली तर चेन आणि टेन्शनर बदलायला आले. आणि सुरू केल्या-केल्या, इंजिन गार असतानाच, रेडिएटरचा वरचा होज फुगून टणक झाला तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. तापलेल्या गाडीचा होज असाही टणकच असतो, त्यामुळे ही खूण तिथे काहीच सांगत नाही.

शेवटी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण उघडायचे. धुराचे जोरदार फुत्कार येत असतील तर तेच बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला गॅस रिंगांच्या फटीतून खाली येतोय. बाहेरून कितीही पॉलिश केलेली असो, ती गाडी सोडून द्या.

हीटर आणि थर्मोस्टॅट: हिवाळ्यातली छुपी चोरी

आपल्याकडे हीटर कुणी वापरत नाही, म्हणून घेताना कुणी बघतही नाही. पण जांबोटी-चोर्ला किंवा खानापूर-रामनगर रस्त्यावर पहाटेच्या धुक्यात, आत सात माणसे श्वास घेत असताना पुढची काच आतून वाफ धरते. ती साफ करायला एसी आणि हीटर दोन्ही एकदम लागतात. हीटरचा कोअर गळायला लागला की काही ठिकाणी तो न बदलता दोन्ही पाइप बाहेरच एकमेकांना जोडून टाकतात. इंजिनाच्या मागच्या पत्र्यापाशी, जिथून पाइप केबिनमध्ये शिरायला हवेत, तिथे टॉर्च मारून बघा. पाइप आत न जाता वळून परत आला असेल तर हीटर बंद केलेला आहे.

थर्मोस्टॅट व्हॉल्व (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा) काढून टाकणे हा दुसरा प्रकार. गाडी तापते ना, मग व्हॉल्वच नको, असा हा इलाज. उन्हाळ्यात चालून जाते. हिवाळ्यात हायवेला इंजिन गरमच होत नाही, डिझेल जास्त खाते आणि हीटर कोमट राहतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर तो स्वच्छ व्हायला लागणारी उष्णताही मिळत नाही आणि चोक होतो. स्कॅनरवर चालत्या गाडीच्या कूलंटचे तापमान ८५-९० अंशांच्या आसपास टिकायला हवे. उतारावर ते ६५-७० वर घसरत असेल तर व्हॉल्व काढलेला किंवा उघडा अडकलेला समजा. असे दिसले की ती गाडी मुळात तापत का होती, हे शोधल्याशिवाय आम्ही होकार देत नाही.

रस्त्यावर

चाचणीसाठी गावातला फेरा उपयोगाचा नाही. आम्ही वंटमुरी घाट चढवून-उतरवून बघतो, शक्य झाल्यास पाच माणसे बसवून. चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगावर ॲक्सिलरेटर दाबला, आरपीएम वाढले आणि वेग वाढला नाही, तर क्लच सरकतोय. ८० ते १०० मध्ये स्टिअरिंग थरथरले तर आधी बॅलन्सिंग, मग टायर, मग बुश आणि बॉल जॉइंट. उतरताना ब्रेक दाबल्यावरच थरथर आली तर डिस्क वाकडी.

टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर भरल्या गाडीला हायवेवर नको, आणि त्यात स्टेपनीही आली. हवा गार टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरील पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे भरा.

हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर घासून घ्या किंवा बदला. गळीत हंगामात निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी पट्ट्यात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात. पिवळ्या काचेतून त्या फार उशिरा दिसतात.

कोणती घ्यावी

वर्षाला फिरणे कमी, बहुतेक गावातच, तर पेट्रोल एर्टिगा. सीएनजी घेतलीत तर मागची सामानाची जागा जाते आणि भरल्या गाडीला घाटात दम लागतो. दर महिन्याला पुणे-बेंगळूर असेल तर डिझेल. २००५ पासूनच्या जुन्या इनोव्हाच्या २.५ डिझेलला टायमिंग बेल्ट आहे, तो कधी बदलला याचे बिल मागा, बिल नसेल तर बदलायचाच असे धरून भाव करा. २०१६ पासूनच्या क्रिस्टाच्या डिझेलला चेन आहे. शेवरोलेची टॅव्हेरा स्वस्त मिळते, पण कंपनीने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, सुटे भाग शोधायची तयारी हवी.

कोल्हापूर-सांगलीकडची गाडी असेल तर २०१९ आणि २०२१ चा महापूर लक्षात ठेवा. तिसऱ्या रांगेचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. पुराच्या गाडीत आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते, कारण तिथपर्यंत धुवायला कुणी जात नाही. सीटच्या पट्ट्यांखालचा गंजही बघा.

एमएच-०९ ची (कोल्हापूरची) गाडी स्वस्त दिसते, पण कागद बघा: एनओसीचा (ना हरकत दाखल्याचा) फॉर्म २८, मालकी बदलाचे २९ आणि ३०, कर्ज असेल तर ३५, आणि कर्नाटकात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर आणि इथला आजीवन कर. तो कर किती बसेल हे आरटीओत विचारून मगच स्वस्त म्हणा. पिवळ्या पाटीची पांढरी केलेली असेल तर आरसीवर ते दिसते. किलोमीटरचा मीटर काहीही म्हणो, क्लच पेडलचे रबर किती झिजले ते बघा.

आमची पद्धत

तपासणीचे शुल्क ठरलेले आहे. गाडी चांगली निघो वा वाईट, तेवढेच. विकणाऱ्याकडून आम्ही कमिशन घेत नाही, म्हणूनच फुकट बघून देत नाही. शुल्कात स्कॅनर, बॅटरी चाचणी, इंजेक्टरची रिटर्न टेस्ट (किती डिझेल परत येते ते), घाटातली फेरी आणि लेखी खर्चाचा अंदाज येतो. बरेच ग्राहक तोच कागद दाखवून भाव कमी करून घेतात. गाडी घेतल्यावर पहिली सर्व्हिस आमच्याकडे केलीत तर तपासणीतली कामे त्याच अंदाजाने करून देतो.

गाडी आदल्या रात्री ९ पर्यंत आमच्या आवारात लावा, दोन्ही चाव्या मालकाकडेच राहू द्या, आणि सकाळी ७ ला मालकासह या. टाकीत १० लिटर डिझेल आणि मूळ आरसी असू द्या. मालक रात्री गाडी सोडायला तयार नसेल तर बेळगाव शहरात आणि खानापूरपर्यंत आम्ही पहाटे त्याच्या घरी येतो. तसे आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा.