थायरॉक्सिनची मात्रा

अवटु (थायरॉइड) ग्रंथीच्या न्यूनस्रावावर द्यावयाच्या लिव्होथायरॉक्सिन (कृत्रिमरीत्या बनविलेले थायरॉक्सिन हे संप्रेरक) या औषधाचे दैनिक प्रमाण. विदर्भातील खेड्यांत ही गोळी ‘पन्नासची’, ‘शंभरची’ अशी आकड्यावरून ओळखली जाते आणि शंभरची घेणाऱ्याचा आजार दुप्पट मोठा, असा समज होतो. तो खरा नाही.

ग्रंथीचे कार्य पूर्ण थांबलेल्या प्रौढास दर किलोग्रॅम वजनामागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम औषध लागते. म्हणजे ४५ किलोच्या शेतमजूर स्त्रीस सुमारे ७२, तर ७५ किलोच्या पुरुषास १२०. ग्रंथी अंशतः काम करीत असल्यास कमी पुरते. हृदयरोगी व वृद्धांत बहुधा १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून आरंभ करतात.

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास २०० ते ४०० मायक्रोग्रॅम ही मात्रा सर्रास दिली जाई. टीएसएच (अवटु ग्रंथीस चालना देणारे संप्रेरक; थायरॉक्सिन अपुरे पडल्यास ते रक्तात वाढते) मोजण्याची संवेदनशील पद्धत आल्यावर, साधारणतः १९७० नंतर, ती अतिरिक्त असल्याचे ध्यानात आले. टीएसएच योग्य असूनही थकवा टिकणाऱ्या रुग्णांबाबत मतभेद आहेत. थायरॉक्सिनचे सक्रिय संप्रेरकात रूपांतर करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) डीआयओ२ या जनुकातील भेद काही अभ्यासक कारणीभूत मानतात, परंतु हा संबंध सर्व पाहण्यांत आढळलेला नाही. मात्रेतील फरकाची उकल करताना शोषणाचा विचार आधी करणे अधिक सयुक्तिक दिसते.

रिकाम्या पोटी घेतलेल्या औषधाचा सुमारे ६० ते ८० टक्के भाग आतड्यात शोषला जातो. लोह व कॅल्शियम त्याला बांधून ठेवतात, म्हणून त्यांत चार तासांचे अंतर लागते. गर्भारपणी गरज सुमारे २५ ते ५० टक्क्यांनी वाढते आणि नेमक्या त्याच काळात उपकेंद्रातून लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. तिन्ही एकत्र घेतल्यास आई व गर्भ दोघांनाही औषध अपुरे पडते, ही गोष्ट प्रत्येक गर्भवतीस समजावून सांगणे अत्यंत आवश्यक आहे. सोयायुक्त आहारानेही शोषण घटते, मात्र वाशीम-यवतमाळकडे सोयाबीनचे पीक बहुतांशी विक्रीसाठी असते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे औषधाचा निचरा जलद होऊन मात्रा वाढवावी लागू शकते.

थायरॉक्सिनचे अर्धायुष्य (शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) सुमारे सात दिवसांचे असल्याने मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासतात. पहाटे निंदणाला निघताना गोळी दुधाच्या चहाबरोबर घेतली गेली किंवा राहून गेली, तर टीएसएच वाढलेले दिसते. अशा वेळी मात्रा वाढविण्यापूर्वी घेण्याची वेळ विचारावी.