आत्याच्या फोनातला न निघणारा ब्राउझर

राजारामपुरीतून आत्यानं नवा फोन आणला. उघडून बघते तर आत पत्त्यांचा खेळ, शेअरबाजार आणि दोन-दोन ब्राउझर. "मी ह्यातलं काय मागितलंतं का? काढ बघू सगळं!"

खेळ निघाला. दुसरा ब्राउझर निघेना. तिथं 'काढून टाका' नव्हतंच, नुसतं 'बंद करा'. बंद केला, तरी जागा फारशी वाढली नाही. दुकानदारानं पाठीला 'रेडिएशन खाणारा' सोनेरी स्टिकर चिकटवला होता. तो तेवढा नखानं निघाला. रेडिएशन खाऊन त्याचं पोट भरल्याचं काही दिसलं नाही.

खेळ आपल्या वाट्याच्या साठवणीत होता, ब्राउझर सिस्टीमच्या. सिस्टीमचा भाग नुसता वाचता येतो, त्यात लिहिता किंवा पुसता येत नाही. अँड्रॉइडमध्ये त्यावर 2013 पासून पहारा आला, 2016 पासून तो कडक झाला. खरी गंमत या पहाऱ्यात आहे.

समजा सिस्टीमचा भाग 4 जीबीचा आहे. त्याचे 4096 बाइटचे तुकडे पाडले की होतात 10,48,576. प्रत्येक तुकड्यावरून गणितानं 32 बाइटचा ठसा काढतात, त्याला हॅश म्हणतात. तुकड्यातला एक बिट बदलला तरी ठसा पार बदलतो. असे 128 ठसे एका तुकड्यात मावतात, म्हणजे ठशांचे तुकडे झाले 8192. त्यांचे पुन्हा ठसे काढले की उरतात 64 तुकडे, मग एकच. असं हे ठशांचं झाड. त्या शेवटच्या तुकड्याचा ठसा हे झाडाचं मूळ, आणि त्यावर कंपनीची डिजिटल सही. कुठलाही तुकडा वाचताना सगळे दहा लाख तपासायची गरज नाही. त्याच्यापासून मुळापर्यंत चार ठसे जुळले की पुरे. ब्राउझर पुसला, तर मूळच जुळणार नाही आणि फोन तो भाग वाचायला नकार देईल. व्हायरसलाही तिथं बिऱ्हाड करता येत नाही ते यामुळेच.

म्हणून सिस्टीमच्या भागाला हे ठशा-सहीचं सील हवंच. प्रश्न आहे सीलच्या आत काय कोंबायचं याचा. फोन लावणं, कीबोर्ड, सेटिंग, आणि इतर ॲपना वेबपान दाखवून देणारा तो न दिसणारा भाग, एवढं आत असावं. बिल दाखवणारी कितीतरी ॲप त्या भागाच्याच जिवावर चालतात. बाकीचं आपल्या वाट्यात ठेवलं तरी कंपनीचं काही अडत नाही. अडतं ते धंद्याचं: आधीच बसलेलं ॲप बदलायची तसदी बहुतेक लोक घेत नाहीत. स्वतःची ॲप अशी आधीच बसवायला लावण्यासह अँड्रॉइडच्या व्यवहारातल्या मक्तेदारीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 1337.76 कोटींचा दंड केला होता.

आत्याला हे झाड कागदावर काढून दाखवलं. 8192 पर्यंत ती सोबत होती.