टाइल बदलली, मसाला तोच राहिला

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, भर दुपारी, इंदूरच्या रामबागेतल्या मावशीच्या गच्चीवर सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. वर जाऊन पाहिले तर दोन टाइल्स एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या! मिस्त्रीने एक उचलून उलटी केली. पाठ धुतल्यासारखी कोरी होती आणि खालच्या सिमेंटवर पाठीवरच्या रेघांचा ठसा जसाच्या तसा उमटला होता. "दीदी, ये टाइल पानी पीती ही नहीं," तो म्हणाला. इंदूरच्या घरांतली जमीन कशी बदलत गेली आणि ती बसवायची रीत कुठे मागे राहिली, ते त्याच्या या एका वाक्यात आले.

सिमेंट येण्याआधी इथे चुना होता. चुना, सुरखी (विटांची पूड), वाळू आणि गुळाचे किंवा बेलफळाचे पाणी घालून मळलेला मसाला दिवसेंदिवस ठोकून जमीन केली जाई. काम संथ, पण चुना सिमेंटइतका ताठर नसतो. खालची जागा थोडी हलली तरी तो सांभाळून घेतो. माळव्यात याला फार किंमत होती, कारण आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर खोल भेगाळते. म्हणून जुने गवंडी काळी माती काढून मुरूम भरत, पाणी मारून धुम्मसाने चोपत, आणि मगच फरशीचा विचार करत. आजही तळमजल्याची फरशी मधोमध फुगली की लोक टाइलला दोष देतात; दोष बहुतेक वेळा या घाईने उरकलेल्या भरावात असतो.

पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंटचे नियमित उत्पादन सुरू झाले आणि १९२२ मध्ये मुंबईत भारत टाइल्सने सिमेंटच्या रंगीत लाद्या करायला घेतल्या. नक्षीच्या, पुढे मार्बल चिप्सच्या मोझॅक लाद्या घरोघरी पोचल्या. २० ते २५ मिलीमीटर जाड, सिमेंटच्याच, आणि पाणी शोषणाऱ्या. ओल्या मसाल्यावर सिमेंटचा घोळ ओतून लादी ठेवली की ती घोळ पिऊन घेई आणि बेडशी, म्हणजे खालच्या मसाल्याच्या थराशी, एकजीव होई. नंतर कोटा दगड आला. राजस्थान शेजारीच, त्यामुळे इंदुरात त्याने घरे, शाळा, दवाखाने सगळेच व्यापले. इंचभर जाडीचा कोटा चौरस मीटरला साधारण ६५ किलो भरतो. त्याचे वजन आणि खालची खडबडीत बाजूच त्याला धरून ठेवते. शिवाय मोझॅक असो की कोटा, बसवल्यावर वरून घासाईचे मशीन फिरे. एखादा कोपरा वर राहिला तरी घासाईत निघून जाई. मिस्त्रीचा हात थोडा चुकला तरी चालत असे, ही त्या काळाची मोठी सोय होती.

गुजरातेतल्या मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइलने ही सोय काढून घेतली. ती जेमतेम ८-१० मिलीमीटर जाड, वरून तयार पॉलिशची आणि इतकी घट्ट भाजलेली की वजनाच्या अर्धा टक्काही पाणी शोषत नाही. तिला वरून घासता येत नाही, म्हणून सपाटी खालच्या बेडमध्येच आणावी लागते. आणि घोळ तिच्यात शिरतच नाही, म्हणून चिकटायला वेगळे काही लागते. अमेरिकेत १९५० च्या दशकात रबरी लॅटेक्स मिसळलेले पातळ थराचे मसाले निघाले. आपल्याकडे टाइल ॲडहेसिव्हचे, म्हणजे टाइल चिकटवायच्या तयार मसाल्याचे, मानक, आयएस १५४७७, २००४ मध्ये आले. टाइल मात्र अजूनही कित्येक ठिकाणी कोट्यासारखीच बसवली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते; कारण पैसे घरमालकाचे जातात आणि बोल मिस्त्रीला लागतो.

घरात पद्धत सोपी आहे. बेड पाणसळीत करून, त्यावर नीट पाणी मारून वाळू द्यायचा. मग खाचांच्या थापीने ॲडहेसिव्ह एकाच दिशेने ओढायचे, टाइल दाबून थोडी सरकवायची आणि स्पेसर (सांध्यात ठेवायचे प्लॅस्टिकचे तुकडे) लावून दोन-तीन मिलीमीटरचा सांधा ठेवायचा. मध्येच एक टाइल उचलून पाठ बघावी. घरात ८० टक्के पाठ भरलेली हवी. बाहेर आणि बाथरूममध्ये ९५. चार कोपऱ्यांत नि मध्ये मसाल्याचे लोंदे ठेवून टाइल टेकवणारा मिस्त्री दिसला, तर काम तिथेच थांबवावे.

गच्चीचा हिशेब निराळा. उन्हाळी दुपार आणि थंडीतली पहाट यांत पृष्ठभागाच्या तापमानात ५० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात १० मीटर लांबीची टाइलची पट्टी सुमारे साडेतीन मिलीमीटर वाढते. सांधेच नसतील तर ती वर उठते. मावशीकडे टाइल टाइलला अगदी भिडवलेली होती, "रेघ दिसायला नको" म्हणून. जुन्या लोकांनी गच्चीवर चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइलच्या तुकड्यांची फरशी, का केले, ते तेव्हा कळले. पांढरे तुकडे ऊन परतवतात, आणि दर दोन-तीन इंचांवर सांधा असल्याने वाढ सगळीकडे वाटली जाते.

मावशीने गच्चीला नवा ढाळ करून घेतला, वॉटरप्रूफिंग केले आणि लवचीक ॲडहेसिव्हवर खरखरीत, फिक्या रंगाच्या लहान टाइल्स बसवल्या. सांधे पाच मिलीमीटरचे, आणि दर तीन मीटरवर ग्राउटऐवजी (सांध्यात भरायच्या नेहमीच्या कडक मसाल्याऐवजी) रबरासारखे लवचीक सीलंट भरलेला एक रुंद सांधा. खालच्या अंगणात तिने सिमेंट नकोच म्हटले. तिथे काळी माती आहे. मुरूम चोपून वाळूवर पेव्हर ब्लॉक मांडले. गेल्या पावसाळ्यात फाटकाशी चार ब्लॉक खचले; ते उचलून, खाली दोन घमेली वाळू टाकून, तासाभरात परत बसवले.