देवमासा शोधायचा तर पाखरं बघा

"आई, तुला बोट लागते ना?" लेकीनं तीनदा विचारलं. मी तीनदा नाही म्हटलं आणि पर्समध्ये गुपचूप आवळासुपारी टाकली. जुलै महिना. बॉस्टनच्या धक्क्यावर घामाच्या धारा, आणि तासाभरानं भर समुद्रात त्याच उन्हात स्वेटरवर जाकीट चढवूनही दात वाजत होते.

आम्ही देवमासे बघायला निघालो होतो स्टेलवॅगन बँकेवर. ही बँक वाळूची. बॉस्टनच्या पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर समुद्राखाली हिमनद्यांनी टाकून दिलेल्या गाळाचा लांबट उंचवटा आहे. माथ्यावर पाणी जेमतेम ३० मीटर, आजूबाजूला त्याहून कितीतरी खोल. भरती-ओहोटीचा प्रवाह या उतारावर आदळतो, तळचं गार पाणी साठलेली पोषकद्रव्यं घेऊन वर उजेडात येतं आणि प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची, बाग फुलते. प्लवकांवर जगतो सँड लान्स, पेन्सिलीसारखा बारीक मासा, धोका दिसला की सरळ वाळूत शिरणारा. त्याच्यासाठी झाडून सगळे इथे जमतात.

बोटीवरची मार्गदर्शक मुलगी देवमासे शोधतच नव्हती. ती पाखरं बघत होती. देवमासा श्वास घेऊन पाच-दहा मिनिटं गडप होतो. पाखरांचा थवा मैलभरावरून दिसतो. शिअरवॉटर ही समुद्रपाखरं सरळ रेषेत उडत असतील तर नुसता प्रवास. घिरट्या घालत पाण्यात डोकं खुपसत असतील तर खाली मासळी. मग तिथे देवमासाही असायचाच.

यातले ग्रेट शिअरवॉटर आले होते दक्षिण अटलांटिकातल्या ट्रिस्टन द कुन्हा आणि गॉफ बेटांवरून. तिकडे जुलैत हिवाळा. आपली उन्हाळी सहल, त्यांची थंडीतली पळवाट! दुर्बिणीतून एकाची चोच नीट दिसली: वर नळीसारख्या नाकपुड्या. पक्ष्यांना वास कळत नाही असं आपण शाळेत शिकलो, ते विसरा. माशाच्या तेलाच्या वासावर हे लांबून येतात. लहानगं विल्सन्स स्टॉर्म पेट्रल तर डायमिथाइल सल्फाइडच्या मागावर येतं. सूक्ष्म वनस्पती-प्लवकं कुणी खायला लागलं की हा वायू सुटतो. म्हणजे कुठे पंगत बसली आहे, ते नाकाला कळतं.

"अकरा वाजता!" मार्गदर्शक मुलगी ओरडली. मी घड्याळ बघितलं. तिला दिशा म्हणायची होती: बोटीचं नाक म्हणजे बारा. पाण्यात बुडबुड्यांचं फिकट हिरवं कडं उमटलं. खालून हंपबॅक जातीचा देवमासा गोल फिरत हवा सोडत होता. बुडबुड्यांच्या भिंतीला बिचकून मासे आत गोळा होतात. मग कड्याच्या मधोमध जबडा वर आला, गळ्याच्या चुण्या फुग्यासारख्या ताणलेल्या, वरच्या जबड्याला दातांऐवजी गाळणीसारखी झालर. पाणी बाहेर, मासे आत. कडेनं निसटलेल्या माशांवर शिअरवॉटर अक्षरशः तुटून पडले. दोन मिनिटांनी त्याच्या श्वासाचा फवारा आमच्या अंगावर आला. आठवडाभर न धुतलेली मासळीची टोपली, दुसरी उपमा नाही.

बुडताना त्यानं शेपूट उंचावलं. शेपटाच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. त्यावरून इथल्या देवमाशांची नोंदवही ठेवतात. 'सॉल्ट' नावाची मादी १९७० च्या दशकापासून ओळखीची आहे, लेकी-नातवंडांसकट. थंडीत यातले बहुतेक कॅरिबियन समुद्रात वीण करायला जातात आणि तिथे जवळजवळ उपाशी राहतात. आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र हा समुद्र सोडून जात नाहीत. पावसाळी वाऱ्यांनी ओमानच्या किनाऱ्याशी तळचं पाणी वर येतं, अन्न घरीच मिळतं.

परतताना बोटीमागच्या फेसावर स्टॉर्म पेट्रल दिसली. चिमणीहून जराशीच मोठी, पंख पसरून पायांनी पाणी थोपटत चालल्यासारखी. जन्म अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरचा. हीच पाखरं पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरही येतात. तेव्हा आपल्या होड्या वाळूवर ओढून झापांखाली शाकारलेल्या असतात.