सांधे आखडतात अन् छाती धडधडते, दोन्हीचं मूळ एकच असू शकतं

आमच्या विदर्भात कापूस वेचणाऱ्या कितीतरी बायांची बोटं सकाळी अशी आखडलेली असतात की तासभर मूठ वळत नाही, तरी "वात आहे, जाईल" म्हणून दुखणं अंगावर काढतात. मग एखाद दिवशी धडधडलं, चक्कर येऊन पडली की घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, लिंबू उतरवा. लिंबू राहू द्या, आधी ईसीजी काढा.

झिजेनं गुडघे दुखणं वेगळं. आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस, किंवा ल्युपसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते, आणि ती सांध्यापाशी थांबत नाही.

आता खरी भारी गोष्ट. ठोका पडताना हृदयाच्या पेशीत सोडियम-कॅल्शियम शिरतं, आणि पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला पोटॅशियम बाहेर जावं लागतं. ते पेशीच्या आवरणातल्या ज्या बारीक वाटांमधून, म्हणजे चॅनलमधून, जातं त्यातल्या एका महत्त्वाच्याचं नाव हर्ग. अंगातली सूज भडकली की रक्तात इंटरल्युकिन-6 नावाचं सूज वाढवणारं प्रथिन वाढतं, ते हर्गला मंद करतं, शिवाय ल्युपसच्या काही पेशंटमध्ये अँटी-रो नावाची अँटीबॉडी असते, तीही याच चॅनलला अडवू शकते. पोटॅशियम उशिरा निघालं की पेशी उशिरा तयार होते आणि ईसीजीवर क्यूटी, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून पेशी पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ, लांबतो. ईसीजीच्या कागदावर एक बारीक चौकोन 40 मिलिसेकंदांचा, मिनिटाला 60 ठोके असताना क्यूटी साडेबारा चौकोनांच्या, म्हणजे 500 मिलिसेकंदांच्या पुढे गेला तर धोका मोठा, कारण पेशी अर्धवट तयार असतानाच पुढचा ठोका सुटला तर हृदय नुसतं थरथरतं अन् माणूस कोसळतो.

यात भर घालते बाजारातली वाताची पुडी. दोन दिवसात आराम पडतो म्हणून लोक घेतात, पण अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि स्टेरॉइड लघवीतून पोटॅशियम घालवतं. त्यात मे महिन्यात हगवण लागली की आणखी जातं, आणि रक्तात पोटॅशियम कमी झालं की हर्ग अजूनच सुस्तावतो. पुडी बरेच दिवस चालू असेल तर मात्र एकदम तोडू नका, तीच घेऊन डॉक्टरकडे जा.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोरोनात, 2020 मध्ये, उगाच गाजली अन् तिच्यानं क्यूटी लांबतो हेही तेव्हाच लोकांच्या कानावर गेलं. ल्युपसमध्ये ती फार कामाची गोळी आहे, भीतीपोटी बंद करू नका. फक्त ताप-खोकल्याला कोणी अॅझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक गोळी लिहून देत असेल तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे हे आधी सांगा, कारण क्यूटी दोघीही लांबवतात.