डब्ल्यूथ्रीस्कूल्स आणि एमडीएन: शिकायला कुठे, खात्रीला कुठे

जळगाव-धुळ्याकडची बीसीएची मुलं वेबपान बनवताना एचटीएमएलचा (पानाची रचना सांगणाऱ्या खुणांच्या भाषेचा) एखादा टॅग अडला की गुगल करतात आणि वर दिसेल तो दुवा उघडतात. तो बहुधा डब्ल्यूथ्रीस्कूल्सचा असतो, नाहीतर एमडीएनचा; दोन्ही वेबपानं बनवायला शिकवणाऱ्या साइट. दोन्हीकडे माहिती फुकट, दोन्हीकडे उदाहरणं, म्हणून दोन्ही सारखीच वाटतात. त्यात नावातल्या ‘डब्ल्यूथ्री’मुळे पहिली साइट अधिकृत समजली जाते. तसं नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1994 साली स्थापन केलेली डब्ल्यूथ्रीसी ही वेबची मानकं, म्हणजे सगळ्यांनी पाळायचे नियम, ठरवणारी संस्था वेगळी. डब्ल्यूथ्रीस्कूल्स ही 1998 पासून चालणारी एका नॉर्वेजियन कंपनीची साइट आहे.

एमडीएन 2005 साली फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने सुरू केलं. बंद पडलेल्या नेटस्केप या ब्राउझरच्या जुन्या दस्तऐवजांवर त्याचा पाया रचला गेला. 2017 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि गुगलसारखे ब्राउझर बनवणारे प्रतिस्पर्धीही इथेच एकत्र लिहायला तयार झाले, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. डिसेंबर 2020 पासून सगळा मजकूर गिटहबवर, म्हणजे कोड आणि मजकूर सगळ्यांसमोर ठेवून त्यात बदल सुचवता येणाऱ्या साइटवर, आहे. डब्ल्यूथ्रीस्कूल्सवर चूक दिसली तर कळवता येते, पण बदल कंपनीच करते. एमडीएनवर दुरुस्ती आपण स्वतः लिहून पाठवायची. तपासणारे ती वाचतात, शंका विचारतात, मग ती पानात जाते.

आता कामाचं बोलू. रावेरच्या एखाद्या केळी व्यापाऱ्यासाठी तुम्ही भावांचं पान बनवताय. 950, 1200, 2100 हे क्विंटलचे भाव जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतल्या, यादी क्रमाने लावणाऱ्या ‘सॉर्ट’ला दिले, की उत्तर येतं 1200, 2100, 950. कारण वेगळं काही सांगितलं नाही तर तो आकड्यांची तुलना अक्षरांसारखी करतो. हे दोन्ही साइटवर लिहिलेलं आहे, आणि डब्ल्यूथ्रीस्कूल्सवर तर तिथल्या तिथे कोड चालवून पटकन कळतं. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी, त्यात काही कमीपणा नाही.

पण मूळ यादी जशीच्या तशी ठेवून नवी क्रमवार यादी देणारा ‘टूसॉर्टेड’ वापरायचा झाला, तर मी एमडीएनच उघडायला सांगेन. तिथल्या तक्त्यात तो क्रोमच्या 110व्या आवृत्तीपासून चालतो हे दिसतं. शेतकऱ्याच्या हातात जुना फोन असेल आणि त्यातला क्रोम कधी अपडेटच झाला नसेल, तर त्याला भावांऐवजी कोरं पान दिसू शकतं. शिवाय मूळ मानकाचा दुवाही त्याच पानावर असतो. एमडीएन स्वतः मानक नाही, पण मानकापर्यंत नेऊन सोडतं.

एमडीएनवर मराठी अजून नाही, त्यामुळे हातभार लावायचा तर सध्या इंग्रजीतूनच. तरी लावावा. चुकीचं उदाहरण, तुटका दुवा, सुटलेला शब्द, एवढ्यावरून सुरुवात होते. स्वीकारलेली दुरुस्ती गिटहबवर तुमच्या खात्यासह सगळ्यांना दिसते, आणि पुण्यात मुलाखतीला गेलात की तो दुवा उघडून दाखवता येतो.